मायट्नरबाई फक्त शेवटी आल्या नाहीत

युरेनियमचा अणू फुटतो हा शोध लागला तेव्हा फिजिक्सवाल्या लीझ मायट्नरबाई बर्लिनमध्ये नव्हत्याच, म्हणून त्याचं नोबेल त्यांचा केमिस्ट सहकारी ओटो हान याला एकट्याला मिळालं ते बरोबरच, असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. जुलै १९३८ मध्ये नाझींमुळे त्यांना पळावं लागलं हे खरं, पण १९३४ मध्ये युरेनियमवर न्यूट्रॉन मारून बघायचं काम हाती घ्यायचा आग्रह त्यांचाच होता आणि पळून गेल्यावरही हानशी पत्रं सुरूच होती.

शिवाय अजून एक गोष्ट आहे. नोव्हेंबर १९३८ मध्ये मायट्नरबाई आणि हान कोपनहेगनला गुपचूप भेटले होते. हान तेव्हा सांगत होता की युरेनियमवर मंद (कमी वेगाचे, कमी ऊर्जेचे) न्यूट्रॉन मारले की रेडियम मिळतं. आता युरेनियमच्या ९२ प्रोटॉनवरून रेडियमच्या ८८ वर यायचं म्हणजे ४ प्रोटॉन, म्हणजे दोन अल्फा कण (एकात २ प्रोटॉन) बाहेर पडायला हवेत, मंद न्यूट्रॉनमुळे हे होणार कसं? फिजिक्सच्या माणसाला हे खटकणारच, मायट्नरबाईंनी बजावलं की पुन्हा नीट तपासा. हान आणि त्याचा सहकारी श्ट्रासमन परत कामाला लागले आणि महिन्याभरात रेडियम समजत होते ते बरंच हलकं बेरियम निघालं, म्हणजे युरेनियमचा अणू फुटला होता!! पळून गेलेल्या ज्यू बाईचं नाव तेव्हा रिसर्च पेपरवर घालणं शक्य नव्हतं हे मी समजू शकते, पण युद्धानंतर काय अडचण होती? श्ट्रासमन स्वतः केमिस्ट, बेरियमच्या प्रयोगात हजर असलेला माणूस, आणि तोच नंतर स्पष्ट म्हणाला की आमच्या टीमचं बौद्धिक नेतृत्व मायट्नरकडे होतं.