सांतु इल्देफोन्सो चर्चच्या निळ्या टाइल्सविषयी

वरच्या प्रतिसादात पोर्तुगालच्या पोर्तो शहरातील सांतु इल्देफोन्सो या पॅरिश चर्चच्या दर्शनी भिंतीवरील निळ्या-पांढऱ्या टाइल्स चर्चइतक्याच जुन्या असल्याचे म्हटले आहे, त्यात एक दुरुस्ती करावीशी वाटते. ग्रॅनाइटच्या या इमारतीचे काम १७०९ मध्ये सुरू होऊन घंटांच्या दोन्ही मनोऱ्यांसह १७३९ मध्ये पूर्ण झाले. टाइल्स मात्र टाइल-चित्रकार जोर्जे कोलासो यांच्या असून त्या १९३२ मध्ये, म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षांनी बसवल्या गेल्या. त्यांची संख्या सुमारे ११,००० आहे. पोर्तोच्या साओ बेंतो रेल्वे स्थानकातील टाइल्सही कोलासो यांच्याच. त्यांनी अठराव्या शतकाची निळी-पांढरी शैली इतक्या निष्ठेने हाताळली आहे की गैरसमज होणे अगदी स्वाभाविक आहे. संत इल्देफोन्सोच्या जीवनातील प्रसंग लांबून अखंड चित्रासारखे दिसतात, पण जवळ गेल्यावर टाइल्सच्या सांध्यांच्या बारीक रेषा वस्त्रांच्या चुण्यांमधून सरळ गेलेल्या दिसतात. आतील वेदीमागची सोनेरी कोरीव मखर वास्तुकार निकोलाऊ नासोनी यांच्या आराखड्यानुसार घडवलेली असून, माझ्या मते, मूळ अठराव्या शतकाची खरी ओळख बाहेरच्या भिंतीपेक्षा तिथेच अधिक पटते.