हरभऱ्यातील घाटेअळीच्या मोजणीत शून्ये फार आहेत. कोणते वितरण घ्यावे?

प्रश्न

नमस्कार. मी कृषी कीटकशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेत असून, फवारणीमुळे हरभऱ्यावरील घाटेअळी किती आटोक्यात येते, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. फुलोऱ्यापासून घाटे भरेपर्यंत दर आठवड्याला प्रत्येक वाफ्यात एक मीटर ओळीच्या काही जागा निवडायच्या, ओळीखाली पांढरे कापड अंथरून झाडे हलकेच झटकायची आणि कापडावर पडलेल्या अळ्या मोजायच्या, अशी माझी पद्धत होती. एकूण ४०० नोंदींपैकी २४८ नोंदींत, म्हणजे ६२ टक्के ठिकाणी, एकही अळी मिळाली नाही. सरासरी ०.८ असून प्रचरण (नोंदी सरासरीभोवती किती विखुरल्या आहेत याचे माप) २.१ आहे. सरासरी ०.८ असताना प्वासाँ वितरणानुसार (मोजणीसाठीचे साधे वितरण, ज्यात प्रचरण सरासरीइतकेच असते) सुमारे ४५ टक्केच शून्ये यायला हवीत. इतकी शून्ये असतील तर झीरो-इन्फ्लेटेड मॉडेलच (काही शून्यांचा उगम वेगळा मानून ती नेहमीच्या मोजणीत मिसळणारे) लावावे, असा सल्ला मला मिळाला आहे. मात्र तोंडी परीक्षेत मला त्याचे कारण सांगता आले पाहिजे. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १

आपण मॉडेल लावण्याआधी कारण विचारले, याचे मला मनापासून समाधान वाटले. शून्ये पुष्कळ असणे आणि शून्ये अपेक्षेपेक्षा जास्त असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि निम्मा गोंधळ इथेच होतो. संख्याशास्त्रज्ञ बोर्टकिएविच यांनी १८९८ मध्ये प्रशियाच्या घोडदळात घोड्याच्या लाथेने झालेल्या मृत्यूंची जी आकडेवारी प्रसिद्ध केली, तिच्यातील नेहमी उद्धृत होणाऱ्या २०० नोंदींपैकी १०९ नोंदी शून्याच्या आहेत. निम्म्याहून अधिक शून्ये असूनही तिथे काहीच जास्तीचे नाही, कारण सरासरी ०.६१ असताना प्वासाँ वितरण १०८.७ शून्यांची अपेक्षा करते.

आपल्या आकड्यांत प्वासाँ नक्कीच अपुरे पडते. पण लगेच झीरो-इन्फ्लेटेडकडे वळण्याऐवजी आधी ऋण द्विपद वितरण, म्हणजे प्रचरण सरासरीपेक्षा जास्त असू देणारे मोजणीचे वितरण, तपासून पाहावे. त्याचे प्रचरण म्हणजे सरासरी अधिक सरासरीच्या वर्गाला 'के'ने भागून येणारी संख्या; 'के' जितका लहान, तितक्या नोंदी अधिक विखुरलेल्या. आपल्या सरासरी आणि प्रचरणावरून 'के' सुमारे ०.४९ येतो आणि त्यावरून शून्यांचे अपेक्षित प्रमाण ६२ टक्के निघते, म्हणजे आपल्याला मिळाले तेवढेच. अळ्या शेतात सारख्या पसरलेल्या नसतात, त्या काही जागी दाट आणि बाकी ठिकाणी विरळ असतात; एवढ्या एका गोष्टीने ही शून्ये येऊ शकतात. उलट झीरो-इन्फ्लेटेड प्वासाँ लावले, तर ते शून्ये आणि सरासरी दोन्ही जुळवून घेईल, पण त्याचे प्रचरण १.५५ च्या आसपासच राहील आणि चार-पाच अळ्यांच्या नोंदी त्याला पुरेशा पकडता येणार नाहीत.

एक सावधगिरी मात्र घ्यावी. हे सर्व आकडे फवारलेले आणि न फवारलेले वाफे एकत्र करून काढलेले आहेत. फवारणी, आठवडा आणि वाफा यांचा परिणाम मॉडेलमध्ये घेतल्यानंतर नोंदींत जे विखुरलेपण उरेल, त्यावरूनच अंतिम निवड करावी.

उत्तर २

वरील उत्तराशी मी सहमत आहे; परंतु शून्य कुठून आले हा जीवशास्त्राचा प्रश्न आहे आणि तो एआयसीवर (मॉडेलांची तुलना करण्याच्या आकड्यावर) सोडून देऊ नये. डायान लॅम्बर्ट यांनी १९९२ मध्ये सर्किट बोर्डांवरील सोल्डरिंगच्या दोषांसाठी झीरो-इन्फ्लेटेड प्वासाँ वापरले, तेव्हा त्यामागे कल्पना अशी होती की यंत्रणा कधी निर्दोष अवस्थेत असते आणि त्या वेळी दोष उद्भवतच नाहीत, तर कधी ती सदोष अवस्थेत असते आणि तेव्हाही नशिबाने शून्य दोष मिळू शकतात. म्हणजे शून्ये दोन जातींची. आपल्या शेतात पहिल्या जातीचे शून्य कोणते, हे आपल्याला सांगता आले पाहिजे. उशिरा पेरलेल्या वाफ्यात पतंगांनी अद्याप अंडीच घातली नसतील, तर ते खरे उदाहरण ठरेल. तसे काही दाखवता येत नसेल, तर दोन जातींचे शून्य मानणे हे केवळ आकडे जुळवणे होईल.

आपला प्रश्न 'अळी आली का' आणि 'आल्यावर किती आल्या' असा दुहेरी असेल, तर हर्डल मॉडेल अधिक सरळ आहे. त्यात सर्व शून्ये एकाच भागात जातात आणि एक किंवा अधिक अळ्यांच्या नोंदी शून्य वगळलेल्या वितरणाने हाताळल्या जातात. फवारणीने अळी असलेल्या जागा कमी झाल्या की त्या जागांमधील अळ्यांची संख्या कमी झाली, हे त्यातून वेगवेगळे सांगता येते. शेतकऱ्याला सल्ला देताना हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

ऋण द्विपद आणि त्याचे झीरो-इन्फ्लेटेड रूप यांची तुलना करण्यासाठी वूंग चाचणी सर्रास वापरली जाते. ती इथे टाळावी, कारण ती परस्परांत न सामावणाऱ्या मॉडेलांसाठी आहे आणि साधे ऋण द्विपद त्याच्या झीरो-इन्फ्लेटेड रूपातच सामावलेले असल्याने ही अट इथे पाळली जात नाही.

उत्तर ३

एक छोटी पण महत्त्वाची भर. अंड्यातून नुकतीच निघालेली घाटेअळी इतकी बारीक असते की झटकल्यावरही ती कोवळ्या शेंड्याला चिकटून राहू शकते. म्हणजे आपल्या काही शून्यांचा अर्थ 'अळी नाही' असा नसून 'अळी दिसली नाही' असा असेल. काही जागांवर झटकून झाल्यावर झाडे हातात घेऊन पुन्हा तपासली असतील, तर त्या नोंदी प्रबंधात अवश्य द्याव्यात. तसेच एकाच वाफ्यातील जागा परस्परांपासून स्वतंत्र नसतात, म्हणून वाफा यादृच्छिक परिणाम म्हणून, म्हणजे प्रत्येक वाफ्याचा स्वतःचा कमी-अधिकपणा मॉडेलमध्ये धरून, घ्यावा. ४०० नोंदी म्हणजे ४०० वाफे नव्हेत.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. फवारणी व आठवडा घेऊन आणि वाफा यादृच्छिक ठेवून ऋण द्विपद मॉडेल लावले. शून्यांची अपेक्षित आणि प्रत्यक्ष संख्या जवळजवळ सारखी आली. सर्व वाफ्यांची पेरणी एकाच दिवशी झाली होती, त्यामुळे अळी येणे शक्यच नव्हते अशी एकही जागा मला दाखवता येत नाही. झीरो-इन्फ्लेटेड मॉडेल मी सोडून दिले आहे. पहिल्या दोन आठवड्यांत मी हाताने फेरतपासणी केली होती. त्या नोंदी वहीत आहेत, आज त्या संगणकावर घेत आहे.