बडोदा ते तंजावर, ट्रेन आणि बसने सावकाश जायचंय, रूट सांगा

दांडियाबाजारवाली:
नमस्कार मंडळी. हे आत्ताच रिटायर झालेत, साठ पूर्ण, मी सत्तावन्न. दिवाळी झाली की दोघांनी तंजावरला जायचं ठरवतोय, पण विमान नको, ट्रेन आणि बसनेच, वाटेत बरं वाटेल तिथे एक-दोन रात्री राहत. तंजावरच का तर आपल्या रावपुऱ्याचा टॉवर जिच्या आठवणीत 1896 साली बांधला ती चिमणाबाई, सयाजीरावांची पहिली राणी, तिचं माहेर ते, आणि तिच्याबरोबर भरतनाट्यमवाल्या कलावंतिणी बडोद्याला आल्या हे लहानपणापासून ऐकत आलेय, एकदा ते गाव बघायचंच आहे. तर तिकीट एकच लांबचं काढून मधे उतरता येतं का, की प्रत्येक टप्प्याचं वेगळं? ह्यांचे गुडघे दुखतात, खालचा बर्थ हवाच, आणि बसमध्ये चार तासांच्या वर बसवत नाही.

रेल्वेप्रेमी_बडोदा:
काकू, उतरता येतं. तिकीट 500 किमीच्या वरचं असलं की ब्रेक जर्नी मिळते, 1000 पर्यंत एकदा, त्याच्या वर दोनदा, आणि एका ठिकाणी दोन दिवस, पोचल्याचा आणि निघण्याचा दिवस सोडून. पण पहिला ब्रेक 500 किमी झाल्यावरच, म्हणजे वसई-पनवेलला उतरून पाहुण्यांकडे जाऊ म्हणाल तर ते बसत नाही, रत्नागिरीला बसतं. मोबाईलवरून काढू नका, खिडकीवर जा, फॉर्म भरतानाच कुठे उतरणार ते सांगा म्हणजे पुढच्या टप्प्याचं रिझर्वेशनही तेव्हाच होतं, आणि जिथे उतराल तिथे तिकिटावर शेरा मारून घ्यायला विसरू नका. येतानाही रेल्वेनेच आणि वेगळ्या वाटेने यायचं असेल तर सर्क्युलर तिकीट बघा, निघाल तिथेच परत, मधे आठ ब्रेक, त्याची चौकशी प्रतापनगरच्या डीआरएम (विभागीय रेल्वे व्यवस्थापक) ऑफिसात.
खालच्या बर्थसाठी सिनियर सिटिझन कोटा निवडा. पुरुषांना 60 आणि बायकांना 45 वर्षं चालतात, फक्त एका तिकिटावर दोघंच हवेत, बरोबर मुलगा-सून घातलेत की कोटा गेला. भाड्यातली सवलत मात्र मार्च 2020 पासून बंद आहे. बुकिंग आता 60 दिवस आधीच उघडतं.

मंगळुरी_मामी:
मी मूळची बडोद्याची, आता मंगळुरूला असते. कोकणमार्गेच या, पण गाडी अशी बघा की रत्नागिरीपासून खालचा भाग उजेडात पडेल, रात्री झोपून कोकण ओलांडण्यात काय अर्थ आहे? रत्नागिरी आणि निवसरच्या मधे पानवलचा पूल लागतो, 64 मीटर उंच, खाली बघितलं की माडांचे नुसते शेंडे दिसतात, आणि होन्नावरला शरावतीवरचा पूल दोन किलोमीटरच्या वर आहे, दारात नाही, खिडकीशी बसून बघा. बडोदा-मंगळुरू एकच तिकीट काढा, ब्रेक रत्नागिरी आणि उडुपी. रत्नागिरी स्टेशन गावापासून लांब आहे, रिक्षाचा हिशेब धरा.
मंगळुरूहून पुढे सरकारी बसने मडिकेरी, चारेक तास, घाटाचा रस्ता आहे म्हणून पुढची सीट घ्या. तिथे थंड हवेत दोन रात्री राहा, मग म्हैसूर तीन तास. म्हैसूरहून तंजावरवरून जाणारी रात्रीची गाडी आहे, पहाटे उतरवते. लीलो चिवडा आणि भाकरवडी जास्तीची घ्या, मडिकेरीच्या पावसाळी संध्याकाळी त्याची किंमत कळते.

तंजावर_बघून_आलो:
रूट छानच आहे, माझी हरकत फक्त दिवाळीला. आपल्याकडे थंडी लागते तेव्हा तिकडे ईशान्य मान्सून जोरात असतो, नोव्हेंबरात कावेरीच्या त्या पट्ट्यात दिवसच्या दिवस पाऊस लागतो आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाने ओल्या दगडावर अनवाणी चालायचं म्हणजे काळजीच. जानेवारीच्या मध्यात पोंगल, तेव्हा गाड्यांना जागा नसते. जानेवारी संपताना जा.
बृहदीश्वराला सकाळी लवकर जा, दुपारी फरशी पोळते. राजराज चोळाने 1010 ला पूर्ण केलेलं देऊळ, त्याचं विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, सगळेच बघतात, पण तुम्ही प्राकाराच्या, म्हणजे देवळाभोवतीच्या आवाराच्या, भिंतीजवळ जा, तिथे तंजावरच्या मराठा राजांपैकी दुसऱ्या सरफोजीराजांनी 1803 मध्ये भोसल्यांचा सगळा इतिहास मराठीत कोरून घेतलाय, देवनागरीत, ओळीच्या ओळी. आजूबाजूला सगळं तमिळ आणि मधेच आपण बोट ठेवून अक्षर अक्षर वाचतोय, मी तिथून हललोच नाही. सरस्वती महाल ग्रंथालयाला अर्धा दिवस द्या, मोडीतली दप्तरं आहेत तिथे.

दांडियाबाजारवाली:
सगळ्यांचे आभार. ह्यांना वाचून दाखवलं, दिवाळी कॅन्सल, जानेवारीची शेवटची तारीख धरतोय. मामी, उडुपीला स्टेशनजवळ राहू की कृष्णमठाजवळ? जिने कमी असलेली जागा माहीत असेल तर सांगा.

मंगळुरी_मामी:
मठाजवळच राहा, रथबीदीच्या (मठापुढचा रथाचा रस्ता) आसपास, म्हणजे दर्शन आणि जेवण दोन्ही चालत होतं. खोली घेताना तळमजल्याची मागा, आधी फोन करून.