जपानी आजी-आजोबांना ‘स्वतःचं म्हातारपण कसं वाटतं?’ हे मोजायचं कसं? सगळे मधल्याच चौकटीवर खूण करतात

सेंदाईची_सई

नमस्कार मंडळी. मी मूळची साताऱ्याची, सध्या जपानमध्ये सेंदाई शहरात नर्सिंगमध्ये मास्टर्स करतेय. विषय असा: पासष्टीपुढच्या लोकांना आपल्या वाढत्या वयाबद्दल काय वाटतं, ते मोजणं.

सेन्सेईंनी (माझ्या प्राध्यापकांनी) आधी लॉटन या संशोधकाची फिलाडेल्फिया मोराल स्केल, म्हणजे म्हातारपणातलं मनोबल मोजणारी प्रश्नावली, हातात दिली. १९७५ची सुधारित, १७ प्रश्नांची. इथे ती चांगलीच रुळलेली आहे. त्यातले पाच प्रश्न थेट वय वाढण्याबद्दलचे आहेत. गेल्या वर्षीइतकाच उत्साह आहे का, वय होईल तसा माणूस कमी उपयोगाचा होतो का, असे. उत्तर बहुतेक हो किंवा नाही. मला जरा बारकावे हवे होते, म्हणून आयर्लंडमध्ये तयार झालेली एजिंग पर्सेप्शन्स प्रश्नावली घेतली. तिची छोटी आवृत्तीही १७ प्रश्नांचीच, पण प्रत्येकाला पाच पर्याय. ती घेऊन एका डे-सेंटरला चाचणी करायला गेले.

तिथे एक ८४ वर्षांचे आजोबा होते, सगळी हयात जवळच्या शिओगामा बंदराच्या मासळीबाजारात गेलेली. त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं, चष्मा पुसला, पहिला प्रश्न दोनदा वाचला आणि शेजारच्या आजींना विचारलं, “तुम्ही काय लिहिलंत?” आजींनी मधली चौकट दाखवली. मग आजोबांनी वरपासून खालपर्यंत मधल्या चौकटींची सरळ रांग लावली आणि कागद दोन्ही हातांनी, वाकून माझ्याकडे दिला.

गंमत म्हणजे नंतर चहा घेताना हेच आजोबा थांबेचनात. बोटं वळत नाहीत, आता माशाचं पेटारं उचलवत नाही, पण पूर्वी ज्याच्यावर तोंड सोडलं असतं त्याच्याकडे आता हसून बघता येतं, बायकोचं बोलणं आत्ता कुठे पूर्ण ऐकायला लागलो... म्हणजे सांगायला भरपूर आहे, फक्त कागदावर उतरत नाही.

मधला पर्याय काढून चारच ठेवू का? की समोर न बसता पोस्टाने पाठवू?

आकडेमोड

सई, तू योग्य गावात जाऊन अडकली आहेस. १९९५मध्ये चेन, ली आणि स्टीव्हन्सन यांनी अकरावीच्या मुलांवर एक काम केलं होतं: तैपेई, मिनियापोलिस, कॅनडातला अल्बर्टा आणि तुझं सेंदाई. सेंदाई आणि तैपेईची मुलं अमेरिका-कॅनडाच्या मुलांपेक्षा मधल्या पर्यायाकडे जास्त झुकली. तेव्हा नुसतं वयाला दोष देऊ नकोस.

मधला पर्याय काढू नकोस. एक तर लोक प्रश्न कोरा सोडतील किंवा दोन चौकटींच्या मधल्या रेषेवर खूण करतील, मी पाहिलंय. दुसरं म्हणजे तपासून घेतलेल्या स्केलला हात लावलास की आधीच्या कुणाच्याच आकड्यांशी तुलना करता येत नाही.

याहून मोठा खड्डा उलट्या प्रश्नांचा आहे. नैराश्य मोजणाऱ्या सीईएस-डी स्केलमध्ये २० प्रश्न असतात, त्यांतले ४ आनंदाबद्दलचे. ‘मी आनंदी होतो’ वगैरे. जपानी लोक त्या चारांना जपून, हात राखून ‘हो’ म्हणतात. गुण उलटे धरायचे असल्याने माणूस आहे त्यापेक्षा जास्त खचलेला दिसतो. इवाता आणि सहकाऱ्यांनी हे १९९०च्या दशकात दाखवून दिलंय. फिलाडेल्फियातल्या ‘तरुणपणाइतकाच आज सुखी आहे’ या प्रश्नाला तुझे आजोबा काय करतील, सांग बघू. लाजेखातर कमीच सांगतील. म्हणून वयासोबत मिळवलेलं आणि गमावलेलं एका बेरजेत घालू नकोस, दोन वेगळे गुण ठेव.

तयार साधन हवं असेल तर डील आणि वाल या संशोधकांच्या २०१०च्या कल्पनेवरची एएआरसी बघ, म्हणजे वयामुळे स्वतःत झालेले बदल माणसाला किती जाणवतात ते विचारणारी प्रश्नावली. पूर्ण ५० प्रश्नांची, छोटी १०ची: पाच प्रश्न मिळवलेल्याचे, पाच गमावलेल्याचे. तब्येत, बुद्धी, नाती, मनाचा स्वभाव, दिनक्रम, सगळं येतं. तुझ्या मासळीवाल्या आजोबांनी चहावर नेमकं हेच सांगितलं की!

कोथरूडचे_काका

हे सगळं मोजायचंच कशाला म्हणतो मी. माझं म्हातारपण माझे गुडघे रोज सकाळी फुकट मोजून देतात.

आकडेमोड

काका, गुडघे मोजतात ते वय. तुम्ही त्या वयाकडे कसं बघता, हे वेगळं. ओहायोतल्या ऑक्सफर्ड गावच्या पन्नाशीपुढच्या ६६० लोकांना त्याच लॉटनचे ते पाच प्रश्न विचारले होते. पुढे संशोधक बेका लेव्ही यांनी २००२मध्ये हिशोब मांडला. स्वतःच्या वय होण्याकडे बऱ्या नजरेने बघणारे बाकीच्यांपेक्षा साडेसात वर्षं जास्त जगले. तब्येत, एकटेपण, सामाजिक-आर्थिक स्थिती धरूनही फरक उरलाच. आता हे जपानला जसंच्या तसं लागू होतं का, त्यासाठीच सईसारख्यांनी आधी नीट मोजायला हवं ना.

सैतामा_शिफ्ट

मी केअर होममध्ये कामाला आहे, रिसर्चमधलं कळत नाही. पण सई ताई, लोक कुणाशी तुलना करतात ते विचारलंत का? आमच्याकडे ७८च्या आजी स्वतःला ‘धाकटी’ म्हणतात, कारण बाजूच्या खोलीत ९६ वर्षांच्या बाई आहेत. त्याच आजी मुलीकडे जाऊन आल्या की चार दिवस म्हाताऱ्या असतात.

आणि पासष्टीच्या माणसाला ‘म्हातारा’ धरून फॉर्म देऊ नका, आतूनच बंद होतील. त्यातले कितीतरी सिल्व्हर सेंटरमार्फत (वयस्करांना छोटी कामं मिळवून देणारी केंद्रं) बागा छाटतात, सायकली रांगेत लावतात. २०१७ मध्ये जपानमधल्याच वृद्धशास्त्राच्या दोन संस्थांनी सुचवलं होतं की ७५ पासून पुढे वृद्ध म्हणा, ६५ ते ७४चे ‘पूर्ववृद्ध’.

गाडीवर लावायचं वयस्करांचं चिन्ह आठवा. १९९७चं ते नारिंगी-पिवळं थेंबासारखं चिन्ह लोकांना वाळलेलं पान वाटायचं, म्हणून नावं ठेवायचे. २०११ मध्ये बदलून चार पानी क्लोव्हरचं केलं. तुमच्या आजोबांच्या गाडीवर ते होतं का, हे विचारा. मधल्या चौकटीपेक्षा जास्त कळेल.

सेंदाईची_सई

सगळ्यांचे आभार, काकांचेसुद्धा. काका, तुमचे गुडघे पहिल्या प्रश्नाला उदाहरण म्हणून चालतील.

ठरलं ते असं. फिलाडेल्फियाचे ते पाच प्रश्न ठेवते, जुन्या कामांशी तुलनेसाठी. सोबत एएआरसीचे दहा, मूळ पर्यायांसकट, मिळवलेलं आणि गमावलेलं वेगळं. परवानगीचा मेल आज करते. ‘कुणाच्या तुलनेत?’ हा एक मोकळा प्रश्न मी स्वतःचा घालतेय. त्याला गुण नाहीत, नुसतं उत्तर लिहून घ्यायचं. फॉर्म एका टेबलावर बसवून भरून घेणार नाही, बंद पाकिटात घरी देईन.

सैतामाकर, आजोबांना गाडीचं विचारलं. म्हणाले, चिन्ह मुलाने लावलं होतं, मी रात्री काढून टाकलं. मग लायसन्सच परत करून आलो.

@आकडेमोड, पाकिटं घरी गेली तर सून किंवा मुलगाच भरून देईल ही भीती आहे. ‘स्वतः भरलं का’ अशी चौकट ठेवली तर खरं सांगतील का?