शब्दचर्चा: 'उमेदवार' म्हणजे नक्की कोण?

पाटीपेन्सिल:
मंडळी, घरात वाद पेटलाय आणि दोन्ही बाजू ऐकायला तयार नाहीत. माळा आवरताना पणजोबांची वही सापडली. बरंचसं मोडीत आहे, पण मागची चार पानं बालबोधीत, म्हणजे देवनागरीत आहेत. त्यात एक ओळ अशी: "सन १८८९ पासोन दीड वर्षे मामलेदार कचेरीत उमेदवार होतो." आमच्या आत्याने लहानपणापासून सांगितलंय की पणजोबा इंग्रजांच्या राज्यात निवडणुकीला उभे राहिले होते. ही ओळ वाचल्यावर तिने वही डोक्याला लावली. काका म्हणतात, कचेरीत कसली आलीय निवडणूक? आणि दीड वर्ष उमेदवार? एवढा प्रचार तर आजही कोणी करत नाही.

१८८९ साली आपल्याकडे निवडणुका होत होत्या का? आणि 'उमेदवार' शब्दाचा तेव्हाचा अर्थ आजचाच होता का?

कचेरीबाहेरचा:
काका जिंकले. आत्याबाईंना हळुवारपणे सांगा.

तेव्हा कचेरीतला उमेदवार म्हणजे बिनपगारी शिकाऊ. पोरगं सातवी-आठवी झालं की ओळखीपाळखीने कचेरीत नेऊन बसवायचं. ते नकला करणार, दौत भरणार, दप्तरं बांधणार, साहेबाच्या घोड्यामागे पळणार. पगार शून्य. एखादी जागा रिकामी झाली की आपल्याला चिकटवतील या आशेवर दिवस काढायचे. म्हणून उमेदवार. फारसीत 'उम्मीद' म्हणजे आशा, आणि आशा धरून बसलेला तो उम्मीदवार.

मराठीत गंमत अशी की 'उमेद'चा अर्थ सरकला. आपण 'उमेद खचली', 'उमेदीची वर्षं', 'उमेदीचा माणूस' म्हणतो तेव्हा आशेपेक्षा हिंमत, धडाडी असं काहीतरी मनात असतं. 'उमेदवार' मात्र जुन्या अर्थालाच चिकटून राहिला. हिंदीवाल्यांनी पुढे 'प्रत्याशी' असा संस्कृत शब्द घेतला, त्यातही आशाच.

जुना अर्थ मेलेला नाही. 'नाटक कंपनीत चार वर्षं उमेदवारी केली', 'वकिलाकडे उमेदवारी केली' हे आजही लिहितात. तिथे कोणी मतं मागत नसतं.

पाटीपेन्सिल:
आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "फुकट राबत होता म्हणतोस? आमच्यात कोणी फुकट राबत नाही." पुढचं बोलणं नंतर.

पण मग निवडणुका होत्या की नव्हत्या?

तळटीप:
होत्या हो. पण त्यांना निवडणूक म्हणायचं की नाही, हाच खरा शब्दचर्चेचा विषय आहे. जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

मुंबई घ्या. १८७२ च्या कायद्याने कॉर्पोरेशन ६४ सभासदांची झाली. ३२ करदात्यांनी निवडायचे, १६ जस्टिस ऑफ द पीस (जे. पी., म्हणजे मानद दंडाधिकारी) मंडळींनी निवडायचे आणि १६ सरकारने नेमायचे. म्हणजे एकाच सभागृहात तीन जातींचे सभासद: निवडलेले, नेमलेले आणि नेमलेल्यांनी निवडलेले. कारण ते जे. पी. स्वतः सरकारनेच नेमलेले असत. १८८८ च्या कायद्याने सभासद ७२ झाले, करदात्यांचे ३६, आणि युनिव्हर्सिटीचे फेलो व चेंबर ऑफ कॉमर्स यांना दोन दोन जागा मिळाल्या. साचा तोच.

पुण्यात जोतीराव फुले १८७६ ते १८८२ नगरपालिकेचे सभासद होते, पण सरकारनियुक्त. व्हाईसरॉय लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव मे १८८२ चा. त्यानंतर मुंबई इलाख्यात १८८४ चे कायदे आले आणि गावोगाव म्युनिसिपालट्या व लोकल बोर्डं यांच्यात निवडून द्यायच्या जागा आल्या. जिल्हा लोकल बोर्डाचा अध्यक्ष मात्र कलेक्टरसाहेबच. तेव्हा पाटीपेन्सिल, तुमच्या पणजोबांच्या १८८९ मध्ये तालुक्याच्या गावी मतं पडत असण्याची शक्यता आहे. फक्त ते टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, यादी खरडत बसले असणार.

आता मुख्य मुद्दा. 'निवडणूक' आणि 'नेमणूक' हे दोन शब्द शेजारी ठेवून बघा. घडण एकच, दोन्हीला '-णूक' लावलेलं, अर्थ एकमेकांच्या उलट. तो सगळा काळ या दोन शब्दांच्या ओढाताणीचा आहे. १८९२ चा इंडियन कौन्सिल्स ॲक्ट आला आणि प्रांतांच्या कायदेकौन्सिलांत, म्हणजे कायदेमंडळांत, म्युनिसिपालट्या, लोकल बोर्डं, युनिव्हर्सिटी यांच्याकडून माणसं घ्यायची असं ठरलं. पण कायद्यात 'इलेक्शन' हा शब्द घातलाच नाही. मुद्दाम टाळला. नियम असा की या संस्थांनी नाव सुचवायचं आणि नेमायचं सरकारने. टिळक १८९५ मध्ये इलाख्याच्या मध्य भागातल्या लोकल बोर्डांकडून मुंबईच्या कौन्सिलात गेले. चढाओढ झाली, मतं पडली, लोक म्हणाले टिळक निवडून आले. सरकारी कागदाच्या भाषेत झाली होती शिफारस आणि तिच्यावरून नेमणूक.

माणूस निवडलेला, पोशाख नेमलेल्याचा.

सूपभर तांदूळ:
तळटीपराव, छान. पण मला 'निवडून येणे' बद्दल कायम प्रश्न पडतो. मी रोज तांदूळ निवडते. निवडताना चिमटीत येतो तो खडा. तांदूळ बिचारा सुपातच राहतो. मग 'निवडून आला' म्हणजे कोण आला?

कचेरीबाहेरचा:
😀 ताई, हा प्रश्न विधानसभेत विचारायला हवा.

सूपभर तांदूळ:
थट्टा नाही, खरंच विचारतेय. मेथी निवडताना उलटं असतं. पानं खुडून घेतो ती आपली, काड्या टाकतो. एकच क्रियापद, एकदा हातात आलेलं टाकायचं, एकदा ठेवायचं. म्हणजे 'निवडणे'चा मूळ अर्थ 'चांगलं घेणे' नसून 'वेगळं काढणे' असणार. बरं की वाईट ते जिन्नस ठरवतो.

तळटीप:
मान्य. 'वेगळं करणे' हाच गाभा. म्हणून तर 'निवाडा' हा शब्दही त्याच गोतातला वाटतो, खरं-खोटं वेगळं काढणं. आणि ताई, '-णूक' वाल्या शब्दांची पंगत बसवून बघा: मिरवणूक, करमणूक, फसवणूक, पिळवणूक. निवडणुकीला शेजार काही फार बरा मिळालेला नाही.

सासष्टीकर:
गोव्याहून थोडं. आमच्या कोंकणीत निवडणुकीला 'वेंचणूक' म्हणतात आणि निवडून येण्याला 'वेंचून येवप'. मराठीतलं 'वेचणे' तेच हे. ताईंच्या प्रश्नाला उत्तर नाही, पण वेचताना हातात येतं ते ठेवायचंच असतं, शिंपले असोत की फुलं. त्यामुळे आमचा उमेदवार निदान खडा ठरत नाही.

आणि निवडणुका म्हणाल तर गोव्यात त्या तुमच्या रिपनसाहेबाच्या कितीतरी आधीच्या. पोर्तुगालच्या संसदेवर १८२२ सालीच गोव्यातून प्रतिनिधी निवडले गेले, त्यात बेर्नार्दो पेरीस द सिल्वा हे गोंयकार होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आमच्याकडे रीतसर दोन पक्ष होते, पार्तिदू उल्त्रामारीनू आणि पार्तिदू इंदियानू. दोघांची वर्तमानपत्रंही वेगळी, आणि भांडणं तर विचारू नका. मतदान चर्चमध्ये व्हायचं. २१ सप्टेंबर १८९० ला मडगावात नगरपालिकेच्या निवडणुकीच्या दिवशी चर्चसमोरच्या जमावावर सैनिकांनी गोळ्या झाडल्या. बरीच माणसं मेली. इंदियानूचे पुढारी होते जुझे इनासियू द लोयोला. चर्चसमोरून जाताना आजही जुनी माणसं ही तारीख काढतात.

शब्दांच्या धाग्यावर हे कशाला लिहिलं असं वाटेल. पण तिकडे 'निवडणूक' शब्द कायद्यात घालायचा की नाही यावर खल चालला होता, आणि इकडे शब्द कायद्यात होता तरी माणसं मेली. म्हणून लिहिलं.

पाटीपेन्सिल:
हे मला माहीतच नव्हतं. धन्यवाद सासष्टीकर.

अडगळ:
'मतदार' वर कोणीच बोललं नाही? हिंदीत 'मतदाता', देणारा. आपल्याकडे 'मतदार'. मला हा 'दातार'चा अपभ्रंश वाटायचा.

तळटीप:
माझ्या मते हा सरळ फारसी 'दार'. दुकानदार, वतनदार, जमीनदार यांच्या रांगेतला. मत 'बाळगणारा'. आणि एकोणिसाव्या शतकाला हा शब्द अंगच्या अंगरख्यासारखा बसतो. तेव्हा मत कोणाला होतं? ठरावीक रकमेच्या वर पट्टी, म्हणजे कर भरणाऱ्याला, इस्टेट असणाऱ्याला, काही ठिकाणी पदवीधराला. मत हे घराबरोबर, जमिनीबरोबर यायचं, एक छोटंसं वतनच. मोलकरीण, गिरणीकामगार, कूळ यांच्याकडे ते नव्हतंच, मग ते देणार काय?

त्याच 'दार'ची पुढची पिढी बघा. कौन्सिलातल्या सभासदाला इंग्रजीत 'ऑनरेबल' लावत, त्याचं मराठीत 'नामदार' झालं. नामदार गोखले म्हणतो ते म्हणूनच. गोखले १८९९ मध्ये मुंबईच्या कौन्सिलात गेले. पुढे आमदार आणि खासदार आले, दरबारातल्या आम आणि खासची आठवण घेऊन. राजे गेले, दार उघडंच राहिलं.

अडगळ:
शेवटचं वाक्य जरा जास्तच झालं, पण मुद्दा पटला.

कचेरीबाहेरचा:
आता क्रियापदांचं सांगतो. निवडणुकीला माणूस 'उभा राहतो'. हे विलायतेतून आलेलं दिसतं, तिकडेही उभेच राहतात. पण मराठीने त्यावर जो संसार थाटला तो खास आपला. उभा राहिलेला 'पडतो'. पैसे घेऊन किंवा दमात घेऊन त्याला 'बसवतात'. आमच्या गावात तर एका पंचवार्षिकला "तात्या उभा राहिला, रात्री बसला, सकाळी परत उभा राहिला आणि शेवटी पडला" असं वर्णन झालं होतं. गुडघेदुखीचा पेशंट वाटेल.

सूपभर तांदूळ:
😂 तात्यांना तेल लावा.

तळटीप:
उभं राहण्यावरून दादाभाई नौरोजी आठवले. १८८५ मध्ये मुंबईच्या कायदेकौन्सिलात ते गेले ते गव्हर्नरच्या नेमणुकीने. पुढच्याच वर्षी लंडनला जाऊन होबर्नमधून पार्लमेंटसाठी उभे राहिले आणि पडले. १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून निवडून आले, तेही हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या मताधिक्याने. तिथल्या लोकांना 'नौरोजी' म्हणता येईना, त्यांनी त्याचं 'नॅरो मेजॉरिटी' करून टाकलं. आपण याला 'निसटता विजय' किंवा 'काठावर पास' म्हणू.

ज्या माणसाला स्वतःच्या शहरातून कौन्सिलात जायला नेमणूक लागली, त्याला परक्या राजधानीत निवडणूक जिंकता आली. दोन्ही शब्द एकाच माणसाच्या चरित्रात, सात वर्षांच्या अंतराने. माझ्या सगळ्या लांबलचक पोस्टीपेक्षा हे एक उदाहरण बोलकं आहे, आधी सुचलं असतं तर तुमचा वेळ वाचला असता.

अडगळ:
मग 'लोकनियुक्त' चं काय? थेट निवडून दिलेल्या सरपंचाला 'लोकनियुक्त सरपंच' म्हणतात. नियुक्त म्हणजे नेमलेला ना?

तळटीप:
वा! हे माझ्या नजरेतून सुटलं होतं. सरकारनियुक्त आणि लोकनियुक्त अशी ती जोडी. लोकांना निवडायचा हक्क मिळाला तरी भाषेने त्यांना 'नेमणारा' हाच रिकामा झालेला पाट दिला. सरकारने नेमावं तसं लोकांनी नेमावं. मला तर यात थोडा मानही दिसतो. निवडणारा समोर आलेल्यांतून निवडतो, नेमणारा हुकूम काढतो. एकदा नेमलं की कामाचा जाबही विचारता येतो.

सासष्टीकर:
आणि 'कौल'? आमच्याकडे देवाला कौल लावतात. पाकळी उजवीकडून पडली तर होकार. निकालाच्या दिवशी पेपरात 'मतदारांचा कौल' वाचलं की मला देवळाचा गाभाराच दिसतो.

कचेरीबाहेरचा:
तुमचा देवळातला, आमचा दप्तरातला. पेशवाईत कौल म्हणजे सरकारने रयतेला दिलेलं अभयपत्र. पडीक जमीन कसा, इतकी वर्षं सारा माफ, म्हणून लिहून दिलेला कागद. तेव्हा सरकार रयतेला कौल देई, आता रयत सरकारला देते. फक्त मुदत पाच वर्षांची असते.

पाटीपेन्सिल:
मंडळी, शेवटचं अपडेट. मोडी येणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांकडून आधीची पानं वाचून घेतली. दीड वर्षाच्या उमेदवारीनंतर पणजोबांना दरमहा दहा रुपयांवर कारकून म्हणून घेतलं. त्या दिवशी घरी पेढे आणले, दिवाबत्तीला नवा कंदील घेतला, एवढं सगळं हिशेबात लिहिलंय. कंदिलाची किंमत आहे, पेढ्यांची खाडाखोड केली आहे.

आत्याला सगळं वाचून दाखवलं. निवडणूक नव्हती, कचेरीतली उमेदवारी होती, मग नेमणूक झाली, असं नीट समजावलं. तिने थोडा वेळ विचार केला आणि विचारलं, "म्हणजे तो पडला नाही, एवढं तरी नक्की ना?"

नक्की, म्हणून सांगितलं.