बाबांची जुनी ८७०, सोबतची ३ इंची नळी आणि काडतुसाची लांबी, जरा समजावून सांगा

गोरेगावचा_निखिल
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले, कुडाळला आमची काजू-आंब्याची बाग आहे, तिथल्या डुकरांसाठी त्यांच्याकडे बारा बोअरची पंप अॅक्शन होती, रेमिंग्टन ८७० विंगमास्टर, त्यांनी पंचाहत्तर-शहात्तरच्या सुमारास कुणा रिटायर होणाऱ्या साहेबाकडून रीतसर घेतलेली. आईच्या आणि बहिणीच्या संमतीपत्रापासून पोलीस व्हेरिफिकेशनपर्यंत सगळं करून आता ती माझ्या लायसन्सवर आलीये, इतके दिवस डीलरकडे जमा होती.

प्रश्न असा की बंदुकीबरोबर दोन नळ्या आहेत. एक मूळची, तिच्यावर २¾ इंच कोरलंय. दुसरी लांब आहे, तिच्यावर २¾ आणि ३ इंच दोन्ही लिहिलंय. दुसरी नळी अगदी सहज बसते, कॅप आवळली की काही हलत नाही. बाबांच्या ट्रंकेत दोन जुनी परदेशी पाकिटंही निघाली, वर ३ इंच लिहिलेलं. एका दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला नळी बसतेय, काडतूस आत जातंय, मग बिनधास्त चालवा. मला ते पटलं नाही. बाबा ही बंदूक देवासारखी पुसून ठेवायचे, माझ्या हातून तिचं काही वाकडं व्हायला नको, आणि माणसाचं तर नकोच. जाणकारांनी सांगा.

जुनी_नळी_दादर
निखिल, विचारलंस ते फार बरं केलंस. दुकानदार जे म्हणाला ना, काडतूस आत जातंय म्हणजे चालतं, हे वाक्य मी गेली चाळीस वर्षं ऐकतोय आणि दर वेळी अंगावर काटा येतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसव. काडतुसावर लिहिलेली लांबी उडवल्यानंतरची असते. तोंडाची घडी उलगडून केस, म्हणजे काडतुसाचं कवच, सरळ झाली की जेवढी भरते तेवढी. २¾ म्हणजे ७० मिलिमीटर, पण न उडवलेलं ७० चं काडतूस पट्टीवर ठेवलंस तर जेमतेम ५८-६० भरेल. म्हणजे ६५ च्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, ७० चं काडतूस आरामात जाणार, ७० मध्ये ७६ म्हणजे ३ इंचीही जाणार, काडतुसामागचा बोल्टही बंद होणार, कुठे काही अडणार नाही. गडबड होते बार उडताना. घडी उलगडायला पुढे जागाच नसते कारण चेंबर संपून नळी निमुळती व्हायला लागलेली असते, तिथे केसचं तोंड अडकतं आणि छर्रे न् त्यांच्यामागची डाट म्हणजे वॅड त्या अरुंद गळ्यातून ढकलले जातात, त्याने प्रेशर चढतं. कधी नुसता खांद्याला जोरात धक्का बसतो, कधी त्याहून वाईट. दर वेळी बार काढल्यावर होईलच असं नाही, म्हणून तर लोक म्हणतात आम्ही इतकी वर्षं चालवतोय काही झालं नाही.

आता तुझी केस. ८७० बाजारात आली १९५० साली आणि तिची मोठी सोय हीच की त्याच बोअरच्या नळ्या एकमेकींवर चढतात, गनस्मिथकडून फिटिंग लागत नाही. पण नळी आणि रिसीव्हर, म्हणजे नळीमागचा बोल्ट वगैरे असलेला मुख्य सांगाडा, यांची कामं वेगळी आहेत. प्रेशर सांभाळायचं काम चेंबरचं, आणि चेंबर आहे नळीत. रिकामी केस बाहेर फेकायचं काम रिसीव्हरचं, तिथे आत डाव्या बाजूला इजेक्टर रिव्हेट केलेला असतो. २¾ च्या रिसीव्हरमधला इजेक्टर आखूड केसच्या हिशोबाने लावलेला. त्यावर ३ इंची नळी चढवून ३ इंची काडतूस उडवलंस तर प्रेशरचा प्रश्न नाही, चेंबर पुरेसं आहे, पण उडवलेली केस ७६ ची झाली, ती धड बाहेर पडणार नाही, खिडकीत आडवी अडकेल. समोर डुक्कर असताना असं होणं मला तरी नको. तीच नळी लावून २¾ ची काडतुसं मात्र खुशाल चालव.

खरी भीती उलटी आहे. रिसीव्हर मॅग्नम म्हणजे ३ इंचीचा, नळी २¾ ची, आणि माणूस म्हणतो माझी बंदूक मॅग्नम आहे आणि ३ इंची भरतो. तिथे फक्त नळीवर लिहिलेलं ऐकायचं.

रिसीव्हरच्या डाव्या बाजूचा सीरियल नंबर बघ, शेवटचं अक्षर काय आहे सांग. व्ही असेल तर बारा बोअर २¾, एम असेल तर ३ इंची मॅग्नम.

दापोलीकर
काकांच्या म्हणण्याला माझा स्वतःचा अनुभव जोडतो. आमच्याकडे आजोबांची विंचेस्टर मॉडेल १२ होती, सोळा बोअर. ही बंदूक १९१२ ला आली तेव्हा फक्त वीस बोअरमध्ये, चेंबर २½ चं, बारा आणि सोळा बोअर नंतर आल्या. सुरुवातीच्या सोळा बोअरचं चेंबर २ ९/१६ इंच, म्हणजे ६५ मिमी. नळीवर तसं ठळक काही नाही, आणि आम्ही वडिलांपासून जे सोळा बोअर मिळेल ते भरत आलो. धक्का जास्त बसायचा, आम्हाला वाटायचं हलकी बंदूक आहे म्हणून असेल. रिकाम्या केसेसची तोंडं चिंधी झाल्यासारखी फाटलेली निघायची, तीही मी लहानपणी गोळा करून खेळायचो, कुणाच्या डोक्यात आलं नाही की ही केस आपल्याला काहीतरी सांगतेय. शेवटी एका म्हाताऱ्या कारागिराने चेंबर गेज घातला आणि आमच्यासमोर ठेवून दाखवलं की गेज ७० पर्यंत जातच नाही. वडील दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

आणि मॉडेल १२ च्या नळीचं ८७० सारखं नाही हां. ती टेकडाऊन, म्हणजे दोन तुकड्यांत सुटणारी, असली तरी नळी त्या त्या बंदुकीला फॅक्टरीत बसवलेली असते, दुसऱ्या मॉडेल १२ ची नळी आणून लावली तर हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि काडतूस यांच्यातली जागा, तपासल्याशिवाय एक बार काढू नये. इथाका ३७ या दुसऱ्या पंप बंदुकीचंही तसंच, साधारण ८,५५,००० च्या आधीच्या सीरियल नंबरच्या बंदुकांना नळी फिट करूनच घ्यावी लागते. जुनी इथाका, मॉडेल १२, विंचेस्टरचीच मॉडेल ९७ यांच्यात अजून एक, ट्रिगर दाबून ठेवून पंप मारला तर बोल्ट बंद होताक्षणी बार उडतो. ८७० मध्ये ते नाही, पण कुणी जुना पंप हातात दिला तर लक्षात असू दे.

विलेपार्ले_ईस्ट
बंदुकीतलं मला या दोघांइतकं कळत नाही पण कागदांचं सांगते. निखिलदादा, आर्म्स अॅक्ट १९५९ मध्ये फायरआर्मच्या व्याख्येत सुटे भागही येतात, म्हणजे ती दुसरी नळी नुसतं लोखंड नाही. ती लायसन्सवर नोंदलेली आहे का ते आधी बघा, नसेल तर आयुक्तालयात अर्ज द्या, आपणहून गेलेलं नेहमी चांगलं. आणि ट्रंकेतली काडतुसं बाबांच्या लायसन्सवर घेतलेली होती, ते गेल्यावर बंदुकीसोबत तीही जमा व्हायला हवी होती. उडवून संपवायचा विचार करू नका, लेखी देऊन पोलीस स्टेशनला किंवा लायसन्सवाल्या डीलरकडे जमा करा, पोचपावती घ्या आणि झेरॉक्स जपून ठेवा.

गोरेगावचा_निखिल
सगळ्यांचे मनापासून आभार. काल दुपारी डीलरकडे जाऊन आलो, सीरियलच्या शेवटी व्ही आहे. म्हणजे २¾ च. बाबांच्या लायसन्सच्या जुन्या पुस्तकात शोधलं तर "एक जादा नळी" अशी शाईने नोंद सापडली, माझ्या नव्या लायसन्सवर मात्र ती आलेली नाही, सोमवारी अर्ज घेऊन क्रॉफर्ड मार्केटला जातोय. ३ इंची पाकिटं जमा केली, पावती मिळाली.

एकच उरलं, एक जण म्हणाला इजेक्टर बदलून घे, मॅग्नम होऊन जाईल. करू का? आणि लांब नळीवर फुल लिहिलंय, त्याचं काय?

जुनी_नळी_दादर
नको करूस. इजेक्टर रिव्हेटने धरलेला आहे, तो काढून नवा बसवणं हे नीट हत्यारं असलेल्या माणसाचं काम, आणि बंदुकीत फेरफार करायलाही लायसन्स लागतं, कुणाच्याही लेथवर नेऊन चालत नाही. जुनी नळी रीम करून चेंबर वाढवून देतो म्हणणारे पण भेटतील, भिंतीची जाडी न मोजता तिथलं लोखंड काढणं मला अजिबात मान्य नाही. बागेतल्या डुकरासाठी ७० चं काडतूस पुष्कळ आहे. आपल्याकडे खडकीच्या फॅक्टरीची मिळतात, पेंद्यावर केएफ असतं, पाकिटावरची लांबी दर वेळी वाच.

फुल म्हणजे तोंडाशी चोक घट्ट आहे, शिशाचे छर्रे लांबपर्यंत एकत्र जातात. तिच्यातून स्टीलचे छर्रे मारू नकोस, जुन्या घट्ट चोकला ते सोसत नाहीत.

आणि बाबांकडे कधी वीस बोअरची बंदूक होती का? असेल तर ट्रंक पुन्हा एकदा नीट तपास. वीसचं काडतूस बाराच्या नळीत टाकलं तर घसरून पुढे जाऊन अडकतं, वरून बारा भरून बार काढला की नळी फाटते. वीसची काडतुसं पिवळी करतात ती याचसाठी.

गोरेगावचा_निखिल
वीस बोअर नव्हती, पण आत्ता ट्रंक उघडूनच बसलोय. तळाशी पितळी क्लीनिंग रॉड मिळाला आणि बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी, "लांब नळी – फक्त २¾". त्यांना माहीत होतं.