कासच्या वाटेवर बागेतला तेरडा लावावा का?

यवतेश्वरकर: साताऱ्याजवळच्या कास पठाराच्या रस्त्यालगत हॉटेल किंवा घरगुती मुक्काम चालवणाऱ्यांना कळकळीची विनंती, नर्सरीतला भरगच्च पाकळ्यांचा तेरडा आवारात लावू नका. तो आणि रानतेरडा एकाच जातीचे. मधमाशीला कुंपण कळत नाही, ती एकाचे पराग दुसऱ्यावर नेते आणि संकर होतो. जांभ्यावरच्या वीतभर मातीत पावसाळ्यातच फुलून बी टाकणारं हे रोप. त्यात माणसाने रंगासाठी निवडलेले गुण कशाला मिसळायचे?

खपलीवाला, मिरज: संकराला एवढं काय घाबरायचं? आपल्या कृष्णाकाठच्या खपलीत 28 गुणसूत्रं, साध्या गव्हात 42. वरची 14 एका रानगवताची. हजारो वर्षांपूर्वी शेतात आपोआप झालेला संकर तो. झाला नसता तर आजची चपाती कुठली?

वनस्पतीप्रेमी, कराड: दादा, पुढचंही सांगा की. दोन जातींच्या संकरात गुणसूत्रांच्या जोड्या नीट लागल्या नाहीत, तर रोप वांझ निघतं. गव्हात ती दुप्पट झाली म्हणून बी धरलं. अमेरिकेत दोन रानसूर्यफुलांच्या संकरातून तीन नव्या जाती झाल्या, त्याही गुणसूत्रं दुप्पट न होता. एक वाळूच्या टेकड्यांवर, एक वाळवंटात, एक खारट पाणथळीत. आईबापांना जिथे जमलं नाही तिथे पोरं रुजली. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ एडगर अँडरसन यांनी 1948 मध्येच मांडलं होतं, की माणसाने जमीन विस्कटली की संकराला जागा मिळते. पठाराच्या तुडवलेल्या कडा बघा.

खपलीवाला, मिरज: मग दोष पार्किंगचा झाला, तेरड्याचा नव्हे! गाड्या आवरा आधी. तेरड्याची गौर बसवतात लोक, परसातली रोपं उपटायला लावणार का?

यवतेश्वरकर: परसातल्या रोपाला कोण हात लावतंय? मी पठाराच्या कडेबद्दल बोलतोय. फ्लोरिडात बागेतल्या घाणेरीशी संकर होऊन तिथली मूळची घाणेरी धोक्यात आली आहे. बागेतली झाडं उदंड आणि रानातली मोजकी असली, की परागांच्या गर्दीत मोजकीच हरतात. हौस असेल तर गावातलंच जुनं बी धरा, तेही तेरडाच आहे.

खपलीवाला, मिरज: गावच्या बियाण्याला माझी ना नाही. बंदीला आहे. ते बी बचत गटांकडून विकत घ्या, नर्सरीचा तेरडा कोणी मागणारही नाही.